छावणीबाहेरचा भाडेकरू

पुण्यातला घरमालक दोन प्रकारच्या माणसांना जागा देताना दहा वेळा विचार करतो. एक वकील आणि दुसरा पोलीस. वकील जागा सोडत नाही कारण त्याला कायदा माहीत असतो, आणि पोलीस सोडत नाही कारण कायद्याला तो माहीत असतो. म्हणून एजंटला पहिली सूचना असते ती अशी: "फॅमिली बघा, बँकेतली असेल तर उत्तम, खाकीवाला नको." माझ्या वडिलांनी वाड्यातली मागची खोली भाड्याने देताना हेच सांगितलं होतं. शेवटी बँकेतलाच क्लार्क मिळाला. तोही सहजासहजी गेला नाही, पण ती वेगळी कहाणी.

हे बाळकडू घेऊन मी जर्मनीत आलो. मानहाइमला बस्तान बसून आता बरीच वर्षं झाली. इथून गाडीने तासाभराच्या अंतरावर मात्र असा एक मुलूख आहे, जिथले घरमालक गणवेशातला भाडेकरू मिळावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेले असतात.

त्या मुलखाचं नाव कायझर्सलाउटर्न. अमेरिकनांच्या जिभेला ते झेपत नाही, म्हणून त्यांनी त्याचं 'के-टाउन' करून टाकलं. शहराची वस्ती जेमतेम लाखभर. शेजारी रामश्टाइनचा अमेरिकन हवाई तळ, लांडश्टुलचं लष्करी इस्पितळ, फोगेलवेची क्वार्टर्स. सैनिक, त्यांची बायकामुलं आणि मुलकी कर्मचारी धरले तर पन्नास हजारांच्या घरात अमेरिकन माणसं या टापूत राहतात. ही अमेरिकेबाहेरची अमेरिकनांची सर्वांत मोठी लष्करी वस्ती मानली जाते. तळावर एवढ्यांना पुरतील इतकी घरं कुठून असणार? उरलेले सगळे आसपासच्या खेड्यांत जर्मन घरमालकांच्या दारात उभे राहतात, आणि घरमालक दार उघडून हसतमुखाने 'या' म्हणतो. मी पुण्यात वाढलेला माणूस. घरमालकाला हसताना पाहिलं की मला आधी करारपत्र वाचावंसं वाटतं.

माझा या प्रकरणाशी संबंध आला तो भाच्यामुळे. ताईचा धाकटा. जन्म ठाण्याचा, वाढला न्यू जर्सीत, आणि आता अमेरिकन हवाई दलात टेक्निकल सार्जंट. विमानाच्या इंजिनाशी त्याची दोस्ती आहे, माणसांशी बेताचीच. त्याची बदली रामश्टाइनला झाली तेव्हा ताईचा फोन आला. "तुझ्याच गावात येतोय. जरा जागा बघून दे." ताईच्या मते अख्खी जर्मनी हे माझं गाव आहे. पाठोपाठ भाच्याचाही फोन. "मामा, तू फक्त जर्मन बोल. बाकी सगळं एअर फोर्स करते."

यातलं 'बाकी सगळं' मला हळूहळू कळत गेलं.

अमेरिकेत असताना सैनिकाला घरभाड्यापोटी ठरावीक रक्कम मिळते. तो त्याहून स्वस्त घरात राहिला तर उरलेले पैसे त्याचे. ही व्यवस्था कुठल्याही मराठी माणसाला पहिल्या फटक्यात कळेल आणि आवडेलही. परदेशात मात्र वेगळा भत्ता लागू होतो. तिथे सरकार हुद्द्यानुसार एक कमाल मर्यादा ठरवतं आणि त्या मर्यादेच्या आत जे खरं भाडं असेल तेवढंच देतं. ही मर्यादा अशी बेतलेली असते की कुटुंबासह राहणाऱ्या शंभरातल्या ऐंशी सैनिकांचं पूर्ण भाडं तिच्यात बसावं. एकट्या सैनिकाची मर्यादा त्याच्या नव्वद टक्के. भाडं मर्यादेपेक्षा जास्त झालं तर वरची रक्कम स्वतःच्या खिशातून. आणि कमी झालं तर? तर काही नाही. वाचलेले पैसे सरकारचे.

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे पहिल्याच घरमालकिणीसमोर बसल्यावर मी आपलं कर्तव्य सुरू केलं. घर छान आहे, पण रस्त्याच्या अंगाला आहे. बाग मोठी आहे, पण मग गवत कोण कापणार? जिना अरुंद. छताला उतार, उंच माणसाचं डोकं आपटणार. म्हणजे घासाघीस करताना जे जे म्हणायचं असतं ते सगळं शुद्ध जर्मनमध्ये म्हणून झालं आणि मी मुद्द्यावर आलो: काही कमी करता का? टेबलाखालून भाच्याच्या बुटाचं टोक माझ्या नडगीवर बसलं. फौजी बूट होता.

"मामा," तो मराठीत म्हणाला, "कमी कशाला करतोयस? मला त्यातलं काही मिळत नाही."

"अरे, पण तिला तरी कशाला मिळू दे?"

या प्रश्नाचं उत्तर हवाई दलाच्या नियमपुस्तकात नाही. तेव्हापासून मी गप्प बसायला शिकलो, पण मनातून शांत झालो नाही. कोथिंबिरीच्या जुडीवर कढीपत्ता फुकट घेणाऱ्या संस्कृतीतला माणूस मी. समोरच्याने सांगितलेली किंमत तशीच्या तशी मान्य करायची, वर हस्तांदोलन करायचं आणि घरी येऊन चांगली झोप लागायची, हे मला या जन्मी जमणार नाही.

परिणाम काय होतो ते सांगतो. त्या गावांत टेक्निकल सार्जंटला साजेशी जेवढी घरं आम्ही पाहिली, त्या सगळ्यांचं भाडं टेक्निकल सार्जंटच्या मर्यादेला जाऊन टेकलेलं होतं. एका घराला दोन न्हाणीघरं, दुसऱ्याला एकच. एकाला गॅरेज, दुसऱ्याच्या दारात फक्त चिखल. भाडं तेच. हा योगायोग मी एका घरमालकाला बोलून दाखवला. तो म्हणाला, "बाजारभाव आहे." बाजारात एकाच गिऱ्हाईकाचा खिसा असला आणि त्या खिशाची खोली सगळ्यांना ठाऊक असली, की बाजारभाव ठरवायला फार वेळ लागत नाही. मार बसतो तो त्याच गावातल्या जर्मन माणसाला. त्याला घर हवं असतं, आणि त्याच्यासाठी कुठलंही परदेशी सरकार मर्यादा ठरवून बसलेलं नसतं.

घरमालकांची माहिती कुठवर असते याचा नमुना म्हणजे भाच्याने शेवटी जिचं घर घेतलं ती बाई. सत्तरीची असेल. विधवा, ताठ, केस बारीक कापलेले, हातात जाडजूड फाइल. तिने आम्हाला कॉफी दिली, प्लमचा केक दिला आणि पहिला प्रश्न विचारला: "ई-सिक्स?"

म्हणजे हुद्दा. मग कुटुंब सोबत आहे का, किती जण, कधी आलात, किती वर्षांची बदली, कुठल्या तुकडीत, तुकडीचा कमांडर बदलणार असं ऐकलं ते खरं का. एवढी माहिती एखाद्या परक्या हेराने विचारली असती तर भाच्याने तडक वरिष्ठांना कळवलं असतं. घरमालकिणीने विचारली म्हणून त्याने सगळी दिली, वर कुत्र्याचं नावही सांगितलं. बाईंनी फाइल उघडून एका कोष्टकावर बोट ठेवलं. डॉलर-युरोचा दर बदलला की हा भत्ता पंधरवड्याच्या पंधरवड्याला वरखाली होतो, हे बाईंना भाच्याच्या आधी ठाऊक होतं.

हुद्द्यांबद्दल त्यांची ठाम मतंही होती. "कर्नल नको. कर्नलला बाग हवी असते, बागकाम नको असतं. लेफ्टनंट नको, तरुण असतो, मित्र येतात. सार्जंट बरा. घरात असतो आणि स्क्रू-ड्रायव्हर धरता येतो." नाटोच्या कुठल्याही अहवालात लष्करी पदांचं इतकं नेमकं मूल्यमापन नसेल.

मी न राहवून विचारलं, की तुम्हाला गणवेशातल्या माणसाची भीती नाही वाटत? जागा बळकावून बसला तर? बाई माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिल्या. मग त्यांनी समजावलं ते ऐकून माझ्या पुणेरी शहाणपणाचा पायाच उखडला. जर्मनीत घरभाड्याचा करार सहसा बेमुदत असतो. भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस देऊन केव्हाही जाता येतं, घरमालकाला मात्र कायद्यात बसेल असं कारण दाखवावं लागतं, म्हणजे घर स्वतःला किंवा मुलाबाळांना राहायला हवं वगैरे. भाडेकरू आठ वर्षं राहिला असेल तर वर नऊ महिन्यांची नोटीस. थोडक्यात, जर्मन भाडेकरू एकदा घरात शिरला की तो जाईल तेव्हा जाईल. अमेरिकन सैनिक जातोच. कुटुंबासह आलेला साधारण तीन वर्षांनी, एकटा आला तर दोन. त्याला हलवायला कोर्टकचेरी लागत नाही, अमेरिकेचं सरकार स्वतः हुकूम काढून त्याला उचलून नेतं. करारात एक लष्करी कलम असतं, बदलीचा हुकूम आला की तीस दिवसांच्या नोटिशीवर घर सोडता येतं. हे कलम सैनिकाच्या सोयीचं म्हणून घातलेलं आहे. ते घरमालकाच्या किती सोयीचं आहे हे बाईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "तो जातो, तेव्हा पुढचा हॉटेलात येऊन बसलेला असतो," त्या म्हणाल्या.

दोन्हीकडचे घरमालक शेवटी एकाच गोष्टीसाठी तळमळतात, भाडेकरू जावा म्हणून. पुण्यात त्यासाठी अकरा महिन्यांचा करार करतात, इथे पेंटॅगॉनवर विसंबतात. पेंटॅगॉनची वसुली चोख आहे हे मान्य करावं लागेल.

बाईंच्या घरात ही विद्या पिढीजात होती. अमेरिकनांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे धावपट्ट्या, बराकी, इस्पितळ उभं करायला घेतलं तेव्हा एका डॉलरला ४.२० मार्क मिळत. बाईंचे वडील शेतकरी. त्यांनी माडीवरच्या पुढच्या खोल्या एका सार्जंटला दिल्या आणि कुटुंब मागच्या दोन खोल्यांत सरकवलं. बाईंचं इंग्रजी तिथलं, जिन्यावर बसून शिकलेलं. पुढे डॉलर घसरला. १९७९च्या सुमारास तो दोन मार्कांच्याही खाली गेला, आणि ज्या सैनिकांकडे गाव आशेने बघायचं त्यांचीच महिनाअखेरीस ओढाताण होऊ लागली. "तेव्हा माझी आई त्यांना सूप द्यायची," बाई म्हणाल्या. "भाडं कमी केलं का?" मी विचारलं. "सूप द्यायची," त्या पुन्हा म्हणाल्या.

या लोकांना खरी धडकी भरते ती वॉशिंग्टनच्या बातम्यांनी. जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी जर्मनीतून सुमारे १२ हजार सैनिक हलवण्याची योजना जाहीर केली. बर्लिनमध्ये त्यावर युरोपच्या संरक्षणाचं काय होणार अशी चर्चा झाली. खेड्यांमध्ये चर्चा होती की वरच्या मजल्याचं कर्ज कसं फिटणार. फेब्रुवारी २०२१ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी, म्हणजे बायडन यांनी, ती योजना थांबवली आणि पुष्कळ स्वयंपाकघरांत केक कापला गेला असावा. बाई अमेरिकेच्या निवडणुकीचा निकाल रात्रभर जागून बघतात. स्वतःच्या संसदेचा दुसऱ्या दिवशी पेपरात वाचतात.

असो. घर पक्कं झालं. तळावरच्या गृहनिर्माण कचेरीने करार तपासला, एका बाजूला जर्मन, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. अनामत ठरली, जर्मन कायद्याने ती तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. बंगळुरूत दहा महिन्यांचं डिपॉझिट भरलेल्या माझ्या एका मित्राला हे सांगितलं तर त्याने फोन ठेवून दिला. दलालीही द्यावी लागली नाही, कारण १ जून २०१५ पासून जर्मनीत नियम आहे: भाड्याच्या व्यवहारात दलालाला ज्याने बोलावलं त्यानेच त्याचे पैसे द्यायचे. हा नियम पुण्यात आला तर निम्मं शहर बेकार होईल.

मग आम्ही किल्ली घेऊन घरात शिरलो.

माझी भाचेसून टेक्ससची. उंच, मोकळी, सगळ्यावर विश्वास ठेवणारी. ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली आणि तिथेच राहिली. आत चार भिंती होत्या. एका भिंतीतून दोन नळांची टोकं बाहेर आलेली, खाली सांडपाण्याचा पाइप तोंडात बूच घालून बसलेला, आणि शेगडीसाठी एक जाड वायर. बस्स. ओटा नाही, सिंक नाही, फळी नाही, कपाट नाही. तिने अतिशय हळू आवाजात मला विचारलं, "मामा, इथे चोरी झाली का?"

चोरी झाली नव्हती. जर्मन माणूस घर बदलतो तेव्हा स्वयंपाकघर सोबत नेतो. ओटा, सिंक, कपाटं, ओव्हन, सगळं खोलून, टेम्पोत भरून. पुढच्या घरी भिंत दोन बोटं लहान निघाली की करवत काढतो. दिव्यांचंही तेच. छताकडे पाहिलं तर प्रत्येक खोलीत मधोमध तीन वायरी लोंबत होत्या: एक निळी, एक तपकिरी, एक हिरवी-पिवळी, टोकाला करंगळीच्या पेराएवढा प्लॅस्टिकचा कनेक्टर. आधीच्या भाडेकरूने होल्डरसुद्धा ठेवला नव्हता. भिंतीत कपाटं नाहीत, कारण इथे कपाट भिंतीत नसतंच, ते विकत आणून उभं करायचं असतं. बाई मात्र खोल्याखोल्यांतून अभिमानाने फिरत होत्या. "रिकामं आणि स्वच्छ," त्या म्हणत होत्या, आणि दोन्ही गोष्टींबद्दल वाद नव्हता.

पहिली रात्र त्यांनी टॉर्चच्या उजेडात काढली. माझ्या डोळ्यांसमोर अजून ते चित्र आहे: हवाई दलाचा इंजिनतज्ज्ञ शिडीवर उभा, तोंडात टेस्टर, आणि खालून त्याची बायको मोबाइलच्या उजेडात विचारतेय की तपकिरी म्हणजे फेज ना. कपाटं, फ्रिज आणि कपडे धुण्याचं यंत्र तळाच्या सामानखात्याकडून उसनं मिळालं. स्वयंपाकघर मिळालं ते बदली होऊन चाललेल्या दुसऱ्या एका सार्जंटकडून. त्याने ते आपल्या आधीच्या सार्जंटकडून घेतलेलं. त्या ओट्याने लष्करात बहुधा भाच्यापेक्षा जास्त वर्षं काढली आहेत.

अमेरिकेतून जहाजाने सामान आलं, तो दिवस गावाने साजरा केला असं म्हटलं तरी चालेल. त्यातला पलंग किंग साइझ. गादीखालचा खोकाही तेवढाच, न दुमडणारा. जिना पाल्झच्या, म्हणजे याच मुलखाच्या, शेतकऱ्यांनी स्वतःच्या मापाने बांधलेला. खोका पहिल्या वळणावर अडकला. चार हमाल, एक सार्जंट आणि सूचना द्यायला मी, एवढे असूनही तो ना वर जाईना ना खाली येईना. शेवटी ट्रकवर शिडी बसवलेला सरकता पाळणा बोलावला आणि पलंग बाहेरून खिडकीतून चढवला. समोरच्या बाकावर तीन म्हातारे दुपारचं जेवण सोडून बघत होते. त्यातला एक घड्याळ बघून म्हणाला, "मागच्या कॅप्टनच्या फ्रिजला दीड तास लागला होता."

घड्याळावरून आठवलं. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, इथे २३० ची, त्यामुळे प्रत्येक अमेरिकन घरात लोखंडी ट्रान्सफॉर्मर असतात. जड, गरम, गुणगुणणारे. भाचेसुनेने आपलं पिठाचं मिक्सर त्यावर लावलं, ते चाललं, आणि खूश होऊन आजीने दिलेलं विजेवरचं जुनं घड्याळही लावलं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, पण विजेचे दर सेकंदाचे फेरे बदलत नाही. तिकडे ते साठ, इकडे पन्नास. साठ फेऱ्यांवर चालणारं घड्याळ इथे तासाला दहा मिनिटं मागे पडतं. इंजिनांचा जाणकार नवरा असूनही हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि पहाटेच्या पाळीला तो किती उशिरा पोचला हे त्याने मला सांगितलेलं नाही. विचारलं की विषय बदलतो.

गृहनियमांचा कागद वेगळा. पुण्यातल्या सोसायट्यांच्या पाट्यांवर मी पोसलेलो असल्याने मला वाटलं होतं, नियमांच्या बाबतीत आपल्याला कोण काय शिकवणार! या कागदापुढे मी हात टेकले. दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून घर वारं खेळवून घ्यायचं, बाहेर बर्फ असला तरी, नाहीतर भिंतींना बुरशी येते आणि ती अनामतीतून वजा होते. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. दुपारी एक ते तीन शांतता. रविवारी अखंड शांतता: गवत कापायचं नाही, ड्रिल चालवायचं नाही, रिकाम्या बाटल्या गावच्या काचकुंडीत टाकायच्या नाहीत, कारण काच फुटल्याचा आवाज होतो. कचऱ्याचे चार प्रकार, चार डबे, त्यांचे चार वार. बर्फ पडला तर घरासमोरचा पदपथ सकाळी सातच्या आत साफ, कारण कुणी घसरून पडला तर जबाबदारी तुमची.

भाच्याने कागद वाचला आणि त्याचा चेहरा खुलला. "मामा, हे तर आमच्या बराकीपेक्षा सोपं आहे." तेव्हा कळलं की घरमालकिणीला सार्जंट का हवा असतो.

पहिल्याच रविवारी मात्र भाचेसून बाटल्यांची पिशवी घेऊन काचकुंडीकडे गेली. पहिली बाटली पडली आणि तीन खिडक्या उघडल्या. कुणी ओरडलं नाही. जर्मन शेजारी ओरडत नाही, तो खिडकीच्या चौकटीवर उशी ठेवतो, उशीवर कोपर ठेवतो आणि बघतो. उरलेल्या बाटल्या तिने घरी परत आणल्या.

ताईचे प्रश्न न्यू जर्सीहून चालूच होते. तिकडे जाऊन तिला किती वर्षं झाली, पण जागा म्हटलं की तिच्यातली डोंबिवली जागी होते. पाणी चोवीस तास असतं ना? दक्षिणेला दार नाही ना? शेजारी कोण? आणि शेवटी हळूच, "घरमालकीण नॉनव्हेजला काही म्हणत नाही ना?" घरमालकिणीने गृहप्रवेशाला स्वतः झाउमागेन आणलं होतं. डुकराच्या जठरात मांस आणि बटाटे भरून शिजवायचं आणि कापं काढून परतायचं, ही पाल्झची शान. चॅन्सलर हेल्मुट कोल परदेशी पाहुण्यांना आवर्जून खाऊ घालत, असं बाईंनी सांगितलं. मी ताईला म्हटलं, नाही, नॉनव्हेजला काही म्हणत नाही.

भाड्यात वाचलेलं सरकारला जातं; वीज आणि घर तापवण्याचा खर्च मात्र वेगळ्या भत्त्यातून मिळतो, आणि तो ठोक असतो. म्हणजे इथे वाचवलेला पैसा खरोखरच आपला. हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला. तळघरातल्या टाकीत हजारो लिटर तेल असतं, त्यावर घर तापतं, आणि ते तेल भाडेकरूनेच भरायचं. मी भाच्याला स्वेटर घालण्याचे फायदे सांगितले, जाड पडदे लावून दिले, दारांखाली कापडाच्या वळकट्या ठेवल्या. भाड्यात गेलेल्या इभ्रतीची थोडी भरपाई तेलात झाली. पहिल्या हिवाळ्यात त्या घरात अमेरिकन सरकारने भरलेल्या पूर्ण भाड्यावर सगळे टोप्या घालून बसले होते.

आता त्याची तीन वर्षं संपत आली. घर सोडायची तपासणी झाली. बाई चष्मा लावून भिंतीभिंतीवरून फिरल्या. प्रत्येक भोक मोजलं. ज्या भोकात तस्वीर होती ते वेगळं, ज्यात फळी होती ते वेगळं. मीटरचे आकडे लिहिले, किल्ल्या मोजल्या, एक किल्ली कमी निघाली ती भाचेसुनेच्या जॅकेटमध्ये सापडली. हवाई दलाची वार्षिक तपासणी यापेक्षा लवकर आटपते, असं भाचा नंतर म्हणाला. अनामत पूर्ण परत मिळाली. बाईंनी दोघांना मिठी मारली, कुत्र्याला बिस्कीट दिलं आणि पुढच्याला फोन लावला. तोही ई-सिक्स. ओटा त्याने घेतलाय.

भाच्याची बदली जपानला झाली आहे, टोकियोच्या पश्चिमेला योकोता तळावर. तिथे घरमालकाला अनामत तर द्यायचीच, पण बऱ्याच ठिकाणी महिन्या-दोन महिन्यांचं भाडं नुसतं आभार म्हणून द्यावं लागतं, आणि ते परत मिळत नाही. खोल्यांचं माप चटयांमध्ये सांगतात. किंग साइझ पलंगाचं काय करायचं ते ठरलेलं नाही. टोकियोत, विशेषतः एदोगावा भागात, मराठी मंडळी भरपूर आहेत असं ऐकतो. वाचकांपैकी कुणाचा भाऊ, मेहुणा, साडू तिथे असेल आणि त्याला घरमालकाशी बोलण्यापुरती जपानी येत असेल, तर कृपया मासिकाच्या पत्त्यावर कळवावे. घासाघीस करण्याची सवय असलेल्यांनी मात्र नडगीला काहीतरी बांधून यावे.